मऊ वायर

आमच्या किकवीच्या वायरमनला पाण्याच्या मोटरीला मऊ, वळणारी वायर जोडायची सवय आहे. नदीवरची मोटर पाणी चढलं की उचलावी लागते, तिथं ते ठीक. आमची तर सिमेंटच्या ओट्यावर बोल्ट मारून बसवलेली. हे सांगितलं की तो हाताची उलटी बाजू लावून मोटरीत करंट येतोय का बघतो आणि म्हणतो, "आता बघा वहिनी, मऊ वायर कुठंबी वळती."

वळते खरी, पण उन्हात तडकतेही. परवा मोटरीला हात लावताच झिणझिण्या आल्या, म्हणून मेन स्विच बंद केला आणि त्याला बोलवायला त्याच्या घरी गेले. त्याच्या दारातल्या मोटरीची केबल मात्र जाड, पाइपातून नेलेली, अर्थिंगसकट.

"हे काय?"

"हितं आई वल्या हातानं बटण दाबती वो."

"आणि मी काय हात पुसून येते?"

तो आत ओरडला, "आये, मोटर लावू नगं!" आणि मेन पाडून स्वतःच्याच भिंतीवरचा पाइप केबलसकट सोडवायला लागला.

"तो राहू द्या तिथंच," मी म्हटलं. "भोरला जाऊन नवा आणा. तोवर आमची मोटर बंद."