भाऊजींच्या कॉन्टेसाचा आवाज

माझ्या भाऊजींना, म्हणजे मारेगावच्या भगवानरावांना, कुणी विचारलं की गाडी कुठवर आली, तर ते मान तिरकी करून डावा कान पुढे करतात, प्रश्न पुन्हा एकदा ऐकून घेतात आणि म्हणतात, झालीच समजा. हे उत्तर मी कित्येक वर्षं ऐकत आलो. माझं वणीला कापडाचं दुकान आहे. तिथे एखादं गिऱ्हाईक ‘घेतलंच समजा’ म्हणालं की मी मुकाट्याने कापडाचा तागा गुंडाळायला घेतो. पण भाऊजी गिऱ्हाईक नाहीत, थोरल्या बहिणीचे नवरे आहेत, म्हणून तोंड आवरतो. दरवेळी आवरतंच असं नाही.

गाडी म्हणजे कॉन्टेसा. लांबलचक बोनेट, बसकी पाठ, समोरून पाहिलं तर आखाड्यात उतरलेल्या पैलवानासारखी. ती मूळची जिनिंगच्या शेटची. भाऊजी त्या जिनिंगमध्ये मिसरूड फुटल्यापासून फिटर होते. हंगामात दिवसभर कापसातून सरकी काढणारे रेचे धडधडायचे, सरकी एकीकडे, रुई एकीकडे, आणि हवेत कापसाचे तंतू तरंगत असायचे. संध्याकाळी त्या तरंगत्या पांढऱ्या हवेतून शेटची गाडी फाटकातून आत यायची. गाडी दिसायच्या आधी तिचा आवाज यायचा. भाऊजी सांगतात की एवढ्या रेच्यांच्या गदारोळातही तो आवाज त्यांना वेगळा काढता यायचा. खाली खर्ज आणि वर बारीक धार. तो आला की त्यांच्या हातातला पाना थांबायचा.

त्यांच्या लग्नात शेटने तीच गाडी वरातीला दिली. वच्छलाताईला मुकुटबनहून मारेगावला आणलं ते त्या गाडीतून. मी तेव्हा अर्ध्या चड्डीतला, ताईची पाठराखण म्हणून सोबत धाडलेला, पुढच्या सीटवर देवीलाल ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. दोन्ही बाजूंना तुरीची वावरं, मधून डांबरी रस्ता, आणि सगळ्या अंगातून फिरणारा तो आवाज. मागे नवरदेव डोळे मिटून बसले होते. वाटेत एक शब्द बोलले नाहीत. ताईला वाटलं, घरच्यांनी आपल्याला मुक्याच्या पदरी बांधलं. मुक्काम आला तेव्हा ते पहिल्यांदा बोलले, ते असं की इंजिन काय सुरेख बोलते ना. ताईने ही गोष्ट आमच्या सगळ्या खानदानात पसरवली आहे.

पुढे जिनिंग बंद पडली, शेट नागपूरला गेले, यंत्रं भंगारात निघाली. गाडी मागच्या आवारात कडुनिंबाखाली राहिली होती. तिच्या चाकांची माती झाली होती, खिडकीतून वालाचा वेल आत शिरून स्टिअरिंगला लोंबत होता. भंगारवाला यायच्या आत भाऊजींनी ती शेटच्या मुलाकडून मागून घेतली. उसनी चाकं बसवली, घरची बैलजोडी जुंपली आणि भर बाजाराच्या दिवशी गावातून तिची मिरवणूक काढली. पुढे बैल, मागे कॉन्टेसा, आणि आत सरळ पाठीने स्टिअरिंग धरून बसलेले भाऊजी. लोक हसत होते. भाऊजींच्या ते गावीही नव्हतं. मला वाटतं तेव्हाही ते आवाज ऐकत होते.

घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये गाडी आली आणि भाऊजी घरातून जवळजवळ गेलेच. वावरात जायचं तेवढं जायचं, बाकी शेड. पत्रा इतका कुजला होता की पॉलिश पेपर घासायला घेतला की हात आरपार जायचा. त्यांनी दारांचे खालचे भाग कापून नवे पत्रे जोडले. इंजिन खोलून नागपूरला बोअर करून आणलं, मोठे पिस्टन टाकले. गिअरबॉक्स पाच गिअरचा बसवला. टायर रुंद घातले. पुण्याला नोकरीला असलेल्या कपिलने, त्यांच्या मुलाने, मोबाईलवर एका अमेरिकन गाडीचा फोटो पाठवला, तो पाहून निळ्या रंगावर बोनेटपासून डिकीपर्यंत दोन पांढरे पट्टे ओढले. ताई म्हणाली, गाडीले गंध लावलं, आता टाळ द्या हातात.

दुपारी कधी गेलो तर शेडमध्ये एक वेगळंच जग असायचं. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या उतरलेल्या, त्यांत धूळ हळूहळू फिरते आहे, आणि भाऊजी ड्रायव्हरच्या सीटवर डोळे मिटून. गाडीला चाकं नव्हती, इंजिन नव्हतं, तेव्हापासून ते ती चालवत आले आहेत. मी चेष्टेत विचारायचो की आज स्वारी कुठे गेली होती. ते शांतपणे सांगायचे, पांढरकवड्याच्या पुढं जंगलातून गेलतो, नीलगाय आडवी आली म्हणून थांबलो. किंवा माहूरच्या घाटात ढग उतरले होते. एवढ्या तपशिलाने सांगायचे की मी नकळत त्यांच्या चपलांकडे बघायचो, चिखल लागलाय का म्हणून. खरं सांगतो, मला त्यांचा हेवा वाटायचा. मी दुकान बंद करून घरी जातो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे उद्याचं दुकानच असतं.

यात एक गोष्ट मात्र वाढत चालली होती. रेच्यांनी त्यांचे कान खाल्ले होते. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं की असल्या कामात बारीक आवाज आधी जातात. पाखरांचे, लेकरांचे, बायकांचे. जाड आवाज राहतात, पण तेही हळूहळू उतरतील. उजव्या कानात काही उरलेलं नाही, डाव्यात थोडं आहे. कपिलने कानाचं यंत्र पाठवलं. भाऊजींनी ते एकदा लावून पाहिलं, म्हणाले यात माणूस बोलते तर पत्र्यावर बोरं सांडल्यावानी वाटते, आणि डबीत घालून टीव्हीवर ठेवून दिलं.

ताईचा आवाज बारीक आहे. लहानपणी ती ओसरीवरून हाक मारायची तर पार नाल्यापलीकडची म्हैस मान वळवायची. तीच ताई आता घरात खुणांनी बोलू लागली. जेवण, हाताने. पाहुणे आले, बोटाने. बाहेर जाते, पदर सावरून. ओरडून सांगायला लाज वाटते, म्हणायची, शेजारी समजतात भांडण लागलं. मग तिने सांगणंच सोडलं. मला तिची कीव यायची आणि भाऊजींचा राग यायचा. हा माणूस उरलेला कान एका इंजिनासाठी राखून ठेवतो आहे, असं मी तिला एकदा बोललोही. ती म्हणाली, ठेवू दे, तेवढं तरी आयकू येऊ दे त्यायले.

गेल्या दिवाळीनंतर इंजिन सुरू झालं. मी मुद्दाम वणीहून आलो होतो. भाऊजींनी किल्ली फिरवली, गाडी एकदा खोकली, दुसऱ्यांदा शहारली आणि बोलू लागली. माझ्या अंगावर काटा आला. तोच आवाज. खाली खर्ज, वर धार. मी क्षणभर अर्ध्या चड्डीत होतो आणि दोन्ही बाजूंनी तुरीची वावरं पळत होती. ताई स्वयंपाकघराच्या दारात आली, तिने पदर तोंडाला लावला. तिलाही ओळख पटली होती.

भाऊजींनी डावा कान बोनेटवर झुकवला, बराच वेळ ऐकलं आणि गाडी बंद केली.

म्हणाले, ‘नाई. हा नव्हता. त्याले धार होती.’

मी सांगितलं की हाच आहे. ते म्हणाले, तू लहान होता तवा. त्यांनी सायलेन्सर काढला आणि दुसरा बसवला. तो नाही पटला म्हणून पाईप लांब केला. मग आखूड केला. मग स्वतः पत्रा वळवून, आत जाळी भरून, नवा सायलेन्सर जोडला. मला एव्हाना कळून चुकलं होतं. धार गाडीतून गेली नव्हती. त्यांच्या कानातून गेली होती. कळलं, पण सांगायचं कसं? ज्या माणसाने आवाजासाठी एवढी वर्षं घातली, त्याला म्हणायचं की आवाज आलाय, तुम्हीच त्याला मुकलात? माझी छाती झाली नाही. मी मोठा तोंडाळ समजतो स्वतःला, पण दर रविवारी नवा सायलेन्सर ऐकून नुसती मान हलवत राहिलो.

शेवटी मी मुकुटबनहून देवीलालला आणलं. आता पार वाकला आहे, पण ही गाडी त्याने वीस वर्षं चालवलेली. त्याने डोळे मिटून ऐकलं आणि बोनेटवर हात ठेवून म्हणाला, बाई बराबर हाये भाऊ, काईच बदललं नाई तिच्यात. भाऊजींनी त्याला चहा पाजला, पोचवायची सोय केली, आणि तो गेल्यावर मला म्हणाले की म्हातारा भला माणूस आहे, मन राखायला बोलला. सायलेन्सरमध्ये दोष नाही, दोष इंजिनात आहे. उद्यापासून इंजिन पुन्हा खोलतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये पोचलो तेव्हा बोनेट उघडं होतं, जमिनीवर पोतं अंथरून पाने मांडून ठेवले होते. इंजिन खोललं की पुन्हा वर्ष-दोन वर्षं गेली. तोवर डावा कानही उरणार नाही, हे मला दिसत होतं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ताई आली. हाताला कणीक तशीच. ती सरळ भाऊजींच्या डाव्या बाजूला गेली आणि कानाला जवळजवळ ओठ लावून बोलली.

‘माहा आवाज कसा येते तुमाले?’

भाऊजी गोंधळले. गाडीच्या कामात हा प्रश्न कुठून आला, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. तिने पुन्हा विचारलं, लग्नाच्या वक्ताले होता, तसा येते काय? भाऊजी खोटं बोलणाऱ्यांतले नाहीत. विचार करून म्हणाले, ‘नाई. दुरून येते. जाड येते. कवाकवा येतच नाई.’

‘मंग मलेबी खोलता काय?’

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं, मग इंजिनाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. हातातला पाना त्यांनी पोत्यावर ठेवला, इतका हळू की त्याचा आवाज मलाही आला नाही. त्यांचा चेहरा मला बघवेना.

‘म्हणजे गाडी बराबर हाये,’ ते म्हणाले.

ताईने मान हलवली.

‘कवापासून?’

‘पयल्या दिवसापासून.’

‘मंग सांगतलं काहून नाई मले?’

‘सांगतलं ना,’ ताई म्हणाली, ‘तुमाले आयकू नाई आलं.’

ते मडगार्डवर टेकून बसले. रडले नाहीत, पण त्यांचे खांदे उतरले, आणि गाडी शेडमध्ये आल्यापासून पहिल्यांदाच मला ते म्हातारे दिसले. ताई त्यांच्याशेजारी बसली. कणकीच्या हाताने रंग खराब होईल हे तिच्या लक्षात नव्हतं, आणि आश्चर्य म्हणजे त्यांच्याही नव्हतं. मग ते उठले, बोनेट खाली घेतलं आणि डाव्या बाजूचं दार उघडून तिला म्हणाले, बस. ती म्हणाली, हात तं धुऊ द्या. धुऊन आली. मला कुणी बस म्हटलं नाही, मी आपणहून मागे शिरलो. ऐकू न येणारा माणूस गाडी चालवणार म्हणून मी पुढची सीट दोन्ही हातांनी धरून ठेवली, पण रस्ता शेतांचा, सकाळची वेळ, आणि भाऊजी बैलगाडीच्या चालीने निघाले.

गावाबाहेर पडलो. कापूस फुटलेला होता, दोन्हीकडे वावरं पांढरी झाली होती आणि धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं, त्यामुळे कापूस कुठे संपतो आणि धुकं कुठे लागतं हे कळत नव्हतं. भाऊजींनी रस्त्यावरची नजर न काढता डावा कान तिच्याकडे कलता केला.

‘सांग, कशी वाजते?’

ताई म्हणाली, मले काय समजते गाडीतलं. ते म्हणाले, तुले आयकू तं येते. मग तिने लक्ष देऊन ऐकलं आणि त्यांच्या कानाशी वाकून सांगू लागली. आता हळू हाये, बाजूच्या खोलीत कोणी जातं फिरवून राह्यलं तशी. भाऊजींनी गिअर बदलला. आता वर गेली. सुपात ज्वारी पाखडून राह्यलं असं बारीक बारीक त्याच्यावर. ‘तीच धार,’ भाऊजी म्हणाले आणि हसले. पुलावर चढताना सांग, उतारावर सांग, असं ते विचारत गेले आणि ती सांगत गेली. सुरुवातीला अडखळत, मग भराभर. पुलावरून उतरताना तिला नाल्याकाठची बाभूळ दिसली, तिथून तिला कपिलचा फोन आठवला, फोनवरून कपिलच्या बायकोचं दुखणं, मग शेजारणीने गेल्या उन्हाळ्यात बोलून दाखवलेलं काहीबाही, मग आई गेली तेव्हा तिने कुणालाच न सांगितलेली एक गोष्ट. भाऊजी हं, हं म्हणत होते. गाडी कशी वाजते ते सांगायचं ती केव्हाच विसरली होती, आणि त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.