पहिल्या वापराचा मान

आमची आत्या विद्यापीठाच्या वाचनालयात दाराशी बसते. कोण आत आलं, कोण पुस्तकाच्या आड डबा खातंय, कोण वाचतंय आणि कोण वाचणाऱ्याकडे बघतंय, हे सगळं ती खुर्चीतून न उठता टिपते. हे न उठणं म्हणजे आळस नव्हे. पाणी प्यायलं की उठावं लागतं, म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नसे. उठलं की मैदान ओलांडून रसायनशास्त्राच्या इमारतीत जायचं, कारण वाचनालयात बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. पुरुषांसाठी होतं, चांगलं हवेशीर. इमारत बांधली तेव्हा बायका वाचायला लागतील अशी कुणाला शंका आली नसावी.

बरं, रसायनशास्त्रातल्या त्या दाराला कडी नव्हती. एकीनं आत जायचं, दुसरीनं बाहेरून दार धरायचं, असा रिवाज पडला होता. आत्याचे गुडघे मैदानाच्या निम्म्यावरच कुरकुरू लागत. त्यापेक्षा तहान बरी.

मग ती आजारी पडली. बरी झाली, पुन्हा तेच. आमचे डॉक्टर प्रत्येक वाक्याआधी उसासा टाकतात. "हं... बाई, मूत्रपिंडं काही पगारी नोकर नाहीत हो. हं... एक तर पाणी प्या, नाहीतर ती खुर्ची सोडा."

"सोड ना मग, ताई," बाबा म्हणाले. "घरी बस निवांत."

"घरी बसून काय करू? तुझी बडबड ऐकू? तिथं निदान 'शांतता राखा' अशी पाटी आहे."

पण रात्री जेवताना तिनं स्वतःच सांगितलं, महिनाअखेरपर्यंत बघते, नाहीतर सोडते. एवढं बोलून तिनं भाजी वाढून घेतली, आणि ती भाजी तशीच ताटात राहिली.

विद्यापीठाकडे पैसे नव्हते आणि विद्यापीठ हे मोठ्या अभिमानानं सांगे. जे काही नवं व्हायचं, ते देणगीतून. तसं देणगीदारांनी पुष्कळ केलंय, नाही म्हणू नये. वाचनालयातले दिवे, लिफ्ट, चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार, झाडाखालचे बाक, सगळं लोकांनी दिलेलं. देणग्यांचं काम बघायचे ते आभारी साहेब. खरं आडनाव वेगळं आहे, पण ते कुणाला आठवत नाही. "आम्ही आपले, म्हणजे समस्त विद्यापीठ परिवार आपला, म्हणजे मी व्यक्तिशः आपला आभारी आहे." कुणी त्यांच्या पायावर पाय दिला तरी हेच.

या आभारी साहेबांनी एक परंपरा सुरू केली होती. फीत कापणं जुनं झालं, म्हणे. ज्यानं वस्तू दिली, त्यानंच ती सर्वांसमक्ष पहिल्यांदा वापरायची. बाक दिला, बसा. लिफ्ट दिली, वर जा. फोटो, टाळ्या, चहा. देणगीदार खूश. आणि याच परंपरेपायी आत्याचं घोडं अडलं होतं. स्वच्छतागृह म्हटलं की देणगीदाराच्या डोळ्यांसमोर आधी फोटो येई.

तरी आत्यानं लाज सोडून लाकूडवाल्या शेठना विचारलंच. ते वाचनालय बघायला आले होते.

"मावशी, एक नंबर विचार, काय? गरज आहे, काय? पण माझं नाव... तिथं?"

"पाटी बाहेर लावू, शेठ."

"आणि पहिला वापर?"

"बायकांचं आहे. तुम्हाला जमायचं नाही."

"मग फोटोत मी कुठं, काय?"

शेठनी कारंजं दिलं. कारंज्याचा पहिला वापर म्हणजे नेमकं काय, यावर बराच खल झाला. शेवटी शेठनी त्याच्याकडे बघितलं. टाळ्या झाल्या. कारंजं बसवलं ते बरोबर आत्याच्या खिडकीखाली. दिवसभर खळखळ, झुळझुळ. लोकांच्या दुष्काळात तेरावा महिना येतो, आत्याच्या दुष्काळात पूर आला.

महिना संपत आला तेव्हा बसवाल्या बाई आल्या. गावोगावी त्यांच्या बस धावतात. शिकल्या याच विद्यापीठात, म्हणून सभागृहाला खुर्च्या द्यायला आल्या होत्या. स्वतःच्याच बसनं आल्या होत्या. वाटेत थांबा नव्हता. नियम त्यांचाच. आभारी साहेब त्यांना आत्याजवळ बसवून कुलगुरूंना शोधायला गेले आणि जाताना चहा पाठवून गेले.

चहा निम्मा झाला आणि बाईंनी आवाज खाली आणला. "अहो, इथं ते कुठंय?"

"मैदानापलीकडे. चला, मी येते."

"तुम्ही कशाला?"

"कळेल."

कळलं. बाई आत, आत्या बाहेर दार धरून.

"धरलंय ना?" आतून आवाज.

"धरलंय."

"घट्ट?"

"दारावरच तर नोकरी करते, बाई. बसा निवांत."

"आणि तुमच्या वेळेला कोण धरतं?"

"जिचा तास नसेल ती पोरगी."

"सगळ्यांचे तास असले म्हणजे?"

"मग मी मोठ्यानं खोकते."

"मी गाणं म्हणायचे," बाई म्हणाल्या. "इथंच. तेव्हाही हीच कडी नव्हती."

"अजून तीच नाहीये," आत्या म्हणाली. "माझं खोकणं महिनाअखेर संपेल. नोकरी सोडतेय. डॉक्टर म्हणतात, पाणी पी, आणि इथं प्यायची सोय आहे, पुढची नाही. पोरींचं मात्र चालूच राहील."

बाई बाहेर आल्या, हात पदराला पुसले आणि मैदान ओलांडून तडक वाचनालयाकडे निघाल्या. आभारी साहेब कुलगुरूंना घेऊन पायरीवरच उभे होते.

"खुर्च्या राहू द्या," बाई म्हणाल्या. "बसायची सोय फार झाली इथं. वाचनालयात बायकांचं स्वच्छतागृह बांधा. खर्च माझा."

"आम्ही आपले आभारी... म्हणजे मॅडम, फक्त ते... पहिला वापर... एक परंपरा..."

"कुणी सुरू केली?"

"मी."

"मग पाळा."

काम सुरू झालं तसं आत्यानं नोकरी सोडणं पुढे ढकललं. गवंड्यावर नजर नको का ठेवायला? तिनं गुडघ्यांसाठी भिंतीला दांडा लावून घेतला, पर्स टांगायला खुंटी ठोकून घेतली, आणि सुताराला म्हणाली, "दाराला दोन कड्या लाव."

"आजी, दाराला कडी एकच असते हो."

"तुझ्या घरच्या. इथं दोन."

उद्घाटनाला सगळे आले. कुलगुरू, प्राध्यापक, लाकूडवाले शेठ, पोरींचा घोळका. बोळ अरुंद, त्यामुळे मान्यवर एकमेकांना चिकटून उभे. बसवाल्या बाई आल्या त्याच हाकारत. "पुढे सरका, पुढे सरका. दारात उभं राहायचं नाही. बॅगा पायाशी घ्या." कुलगुरू सरकले. बाई आत गेल्या. एक कडी लागली. दुसरी लागली.

मग शांतता. वाचनालयात इतकी शांतता आत्यानंही कधी ऐकली नव्हती. कुलगुरू छताचं बारकाईनं निरीक्षण करू लागले. शेठ भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्यावरचा मजकूर मनापासून वाचू लागले.

"साहेब," फोटोवाला कुजबुजला, "फोटो कसला काढू?"

"दाराचा," आभारी साहेब म्हणाले.

विद्यापीठाच्या वार्षिक अहवालात तो छापून आलाय. बंद दार, आणि खाली ओळ : देणगीदार पहिला वापर करताना.

आतून पाण्याचा आवाज आला. टाळ्या वाजवायच्या की हा नुसता नळ आहे, कुणालाच ठरवता येईना. आभारी साहेबांनी दोन्ही हात वर नेले आणि तसेच धरून ठेवले. शेवटी मागच्या पोरींनी सुरुवात केली, मग प्राध्यापकांनी, मग सगळ्यांनी. बाई बाहेर आल्या. भाषण करा म्हणून आग्रह झाला.

"कडी लागते," त्या म्हणाल्या, आणि बस पकडायला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी आत्यानं टेबलावर तांब्या मांडला. सकाळी गर्दीच्या वेळी, पोरापोरींच्या देखत, एक भांडं भरून प्यायली. मग दुसरं. एका पोराला बाराखडीनुसार लावलेल्या कपाटातून पुस्तक हवं होतं.

"तू शोधायला लाग," आत्या म्हणाली, "मी जरा बसवाल्या बाईंकडे जाऊन येते."

ती परत येऊन खुर्चीत बसली तेव्हा तो पोरगा अजून 'क' वरच होता.