राहूच्या आप्पांचं एस्टिमेट

माझं डोकं लवकर तापतं, असं घरचे म्हणतात. म्हणोत. पण त्या दिवशी जे तापलं, ते अजून निवलेलं नाही.

सणसवाडीत पत्र्याच्या शेड बांधून देणाऱ्या एका ऑफिसात मी बसते. गोठे, पोल्ट्री, कांदाचाळी, जे म्हणाल ते. गिऱ्हाइकानं माप दिलं, की कॉम्प्युटरवर एस्टिमेट करून व्हॉट्सॅपवर पाठवायचं, हे माझं काम. लोखंडाचा भाव हलला, की मालक केबिनमधून ओरडतात, "रेट अपडेट मार गं सगळ्यांचे!" मग जुनं एस्टिमेट उघडायचं, रेट बदलायचा, सेव्ह करायचं. नंबर तोच, तारीख तीच, आकडा नवा. जुना आकडा कुठं गेला म्हणाल, तर कुठंच नाही.

ज्यांचं अजून ठरलेलं नाही त्यांचे खुशाल बदला, माझं काही म्हणणं नाही. पण आमच्याकडं एक रीत आहे. शेडच्या जागेवर नारळ फुटला, की भाव ठरला. मग लोखंड कितीही चढो. त्याच भरवशावर माणूस दुसऱ्या दिवशी जुना गोठा पाडायला घेतो. माझं माहेर याच भागातलं, मांडवगण फराट्याचं; हे मला कुणी शिकवायला नको.

राहू गावच्या आप्पांचा दुधाचा धंदा. त्यांच्या गोठ्याचा नारळ मालकांनी स्वतः जाऊन फोडला, वर पोटभर जेवून आले. आल्या आल्या मला म्हणाले, "राहूचं झालं बरं का." मी लगेच ते एस्टिमेट 'मंजूर' करून टाकलं. मंजूर झालं, की त्याला कुलूप लागतं. मालकांच्या पासवर्डशिवाय ते उघडत नाही.

पुढच्याच आठवड्यात लोखंड वाढलं.

"राहूचंही वाढव," मालक म्हणाले.

"अहो, नारळ फुटलाय."

"फुटू दे. जुना गोठा पाडलाय त्यांनी. आता जातात कुठं?"

आणि हसले! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अहो, त्या माणसाच्या गाई उन्हात बांधलेल्या, आणि तुम्ही नेमकी तीच अडचण हेरून वसुली करता? लाज कशी वाटत नाही? मी तोंडावर सांगितलं, "मी नाही वाढवणार." तर म्हणाले, "बरं, ऊठ." माझ्याच खुर्चीत बसले, पासवर्ड टाकला, आकडा बदलला आणि माझ्यादेखत पाठवून दिला.

थोड्या वेळानं ऑफिसच्या फोनवर आप्पा. "ताई, ह्यो आकडा चुकून आलाय का वो?"

"चुकून नाही आप्पा. मालक इथंच आहेत, त्यांना विचारा." फोन स्पीकरवर टाकला आणि त्यांच्यापुढं आदळलाच.

मालकांचा आवाज लगेच लोण्यासारखा. "राम राम आप्पा! त्याचं काय आहे, कॉम्प्युटर रेट आपोआप वाढवतो. आमच्या हातात काही नाही."

"आपोआप कसला?" मी ओरडले. "आत्ता तुम्हीच बसला होता की इथं!"

मालकांनी माझ्याकडं असं पाहिलं, की गिळतात का काय. गिळू देत! मी आप्पांची वाट बघत होते. म्हटलं, आता घाला शिव्या आप्पा, चांगल्या सणसणीत घाला. पलीकडून गाईचं हंबरणं ऐकू आलं.

"ऐकलं म्या, ताई," आप्पा म्हणाले. "पर गाय व्यायला आलीया. उन्हात धापा टाकतीया. तिला कुठं न्हेऊ? मालक, तुमचा वाढीव भाव मंजूर. माणसं तेवढी उद्या धाडा."

मालकांनी फोन ठेवला. "बघ. उगीच तमाशा केलास. कर मंजूर."

"तुम्हीच करा," मी म्हणाले आणि पर्स उचलली.

एका बोटानं शोधत शोधत त्यांनी ते केलं. सहीसाठी प्रिंट काढली आणि वॉचमनच्या हातून राहूला जाणाऱ्या टेम्पोत दिली. मी अजून दाराशीच होते; वॉचमन माझ्यापुढूनच कागद घेऊन गेला, म्हणून मला दिसलं. मालक माझ्याच लॉगिनवर बसले होते. कागदाच्या तळाला छापलेलं: 'एस्टिमेट तयार करणारी व्यक्ती', आणि त्यापुढं माझं नाव. तोच कागद आप्पांच्या घरी गेला.