तिप्पट मात्रेचा संदेश

परभणीत एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर आमची कंपनी होती. नवी, आठ माणसांची. शेतकऱ्यांच्या मोबाइलवर फवारणीचा सल्ला पाठवायचा, एवढंच काम. वर्तमानपत्राची नोकरी सोडून मी तिथे मजकूर लिहीत होतो.

त्या दिवशी सकाळी झरी आणि आसपासच्या गावांना सोयाबीनमधल्या तणनाशकाचा संदेश गेला. पेट्रोलवर चालणाऱ्या पंपाला पाणी कमी लागतं, म्हणून त्याच्या टाकीत औषध तिप्पट घालतात. ती मात्रा बॅटरीचा पंप वापरणाऱ्यांच्या यादीला गेली. तणाबरोबर पीकही जळणार होतं. वीस मिनिटांनी ते लक्षात आलं. दुरुस्तीचा संदेश लगेच गेला. पण औषधाचे हात कुणी मोबाइलला लावत नाही.

आमच्या प्रमुख बाई तिशीतल्या, शेतीशास्त्र शिकलेल्या. संदेश कुणी पाठवला, हे त्या विचारतील म्हणून सगळे खाली मान घालून बसले होते. त्यांनी विचारलं, "कुणाचं गाव कोणतं?" मग ज्याच्या त्याच्या हाती फोन करायला त्याच्या गावच्या शेतकऱ्यांची यादी दिली.

संदेश पाठवणारी मुलगी झरीची होती. ती म्हणाली, "मॅडम, माझं गाव दुसऱ्याला द्या. तिथं मला सगळे वळखतात."

"म्हणून तर तुला देतेय."

मुलीनं शेतात फोन लावलेच नाहीत. घरातल्या बायकांना लावले. "काकू, काकाचा पंप बंद करायला लावा. आदी जा, मग सांगते."

"तुझं लग्न जमलं का गं?"

"न्हाई. तुमी निघा."

बाकीच्यांनी तिचं बघून तसंच केलं. नऊपर्यंत सगळ्या नावांपुढे खुणा झाल्या. एकच नाव उरलं, तिच्या सख्ख्या चुलत्याचं. त्यांच्या घरी कुणी फोन उचलत नव्हतं.

बाईंच्या गाडीतून आम्ही तिघं झरीला गेलो. चुलते शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला बसून दुसरी टाकी भरत होते. पहिली मारून झाली होती.

"मेसेज कुणी टाकला?" सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं.

"कंपनीनं," बाई म्हणाल्या.

"मी टाकला काका," मुलगी म्हणाली.

"वाटलंच मला. भाजीत मीठ बी असंच टाकतीस तू." ते हसले नाहीत. मारलेल्या ओळींकडे बघत राहिले.

परत येताना मी बाईंना विचारलं, सकाळी चूक कुणाची ते का विचारलं नाही? "विचारणारच होते," त्या म्हणाल्या. "घड्याळाकडे लक्ष गेलं." कार्यालयात मी माफीचा मजकूर लिहिला: तांत्रिक कारणामुळे चुकीची मात्रा गेली. बाईंनी वाचून विचारलं, "तांत्रिक म्हणजे कोण?" मी ते शब्द खोडले आणि 'आमच्याकडून' असं लिहिलं.

आठवड्यानं आम्ही पुन्हा गेलो. मारलेल्या ओळींची पानं करपली होती, शेंड्याला थोडी पालवी होती. ती धरेल की नाही, चुलत्यांना सांगता येईना. मुलीला ते म्हणाले, "आता मेसेज टाकायच्या आदी मला वाचून दाखव. मी हो म्हणलं तरच टाक."

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी सातला त्यांना फोन लावू लागली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझे दोन संदेश अडवले. एकात मात्रा बरोबर होती, पण ती किती पाण्यात घालायची, हेच मी लिहिलं नव्हतं.