एक उठले आणि पंगत उठली

मुळ्येमास्तर आमच्या घरी पहिल्यांदा आले ते झोपाळा मागायला. न्यायला नव्हे हं. माझी नात सुशीला आणि तिच्या वर्गातल्या मुली मागे उभ्या, आणि मास्तर दारातूनच विचारताहेत, "माई, तासभर झोपाळा मिळेल का? शाळेत सामान नाही, आणि शक्तीचा धडा तर आजच आहे." मी म्हटलं, या. तर मलाच त्यावर बसवलं! मुलींनी झोका दिला. "वर गेल्या की शक्ती साठते, खाली आल्या की धावते," असं मास्तर सांगत होते आणि झोक्याबरोबर स्वतःही इकडून तिकडे चालत होते. मी विचारलं, "मग झोपाळा थांबतो तेव्हा ती बुडाली ना?"

"अच्छा सवाल है, माई!" म्हणून मास्तरांनी मुलींना कड्यांना हात लावायला सांगितला. कड्या कोमट लागत होत्या. "थोडी इथे गेली. थोडी या करकर आवाजात गेली, ती हवा हलवत तुमच्या कानापर्यंत आली. बुडत काही नाही, रूप पालटतं."

आता त्यांच्या साठीचा गौरवग्रंथ निघतो आहे आणि शाळेची मंडळी म्हणाली, माई, तुम्हीही लिहा. मोठमोठे विद्वान लिहिणार, आणि मी तिसरीत शाळा सुटलेली बाई! पण नाही म्हणवेना. चुलीवर आमटी आहे, माझी उठबस चालूच आहे, तेव्हा मागचं पुढे झालं तर सांभाळून घ्यावं.

उठबशीवरून आठवलं. स्वस्थ बसलेले मास्तर इंदुरात कोणी पाहिले असतील तर मला येऊन सांगावं. चहा दिला तर आधी कपावर चमचा वाजवणार, निम्मा पिऊन पुन्हा वाजवणार. "सूर चढला, ऐकलात?" चहा निवून पाणी होतो. पण एवढ्याएवढ्या पोरींना ते 'तुम्ही' म्हणतात, आणि पोरगी चुकली तर रागावत नाहीत; ती चूक तिच्याच हाताने सापडेपर्यंत फेऱ्या मारत राहतात. त्याचाच प्रसंग लिहिते.

माझा मुलगा वसंत, सुशीलाचा बाप, सरकारी कचेरीत आहे. त्याला सुशीलाचं विज्ञान पसंत नव्हतं. "दसऱ्यानंतर शाळा पुरे. पोरगी तारा जोडत बसली तर स्वैपाक कोण शिकणार?" सुशीला दोन दिवस धड जेवली नाही. मग महालक्ष्म्या आल्या तशी माझ्यापाशी येऊन म्हणाली, "माई, यंदाची रोषणाई मी करते. बाबा बघतील तरी." शेजारचे बाबूभिया मानपूरच्या रस्त्यावर लॉरी चालवतात, त्यांनी गाडीची बॅटरी आणि गाडीचेच पाच छोटे दिवे दिले. "माई, संभाल के, तेजाब है इसमें!" पोरीने दुपारभर खटपट करून महालक्ष्म्यांभोवती दिवे लावले. लागले, पण काजव्यासारखे. माझ्या जिवाला तेव्हापासून घोर.

संध्याकाळी पुरुषांची पंगत बसली. महूहून माझे मोठे दीर आले होते, मास्तरांनाही बोलावणं होतं. पुरणपोळी वाढून झाली, आणि दिवे गेले. पाचही! समया होत्याच, अंधार नाही झाला, पण भाऊजींचा घास हातात राहिला. "लक्ष्मीपुढचा दिवा गेला! वसंता, मी काय सांगत होतो?"

वसंताने मानही वर केली नाही. "बस्स झालं. दसऱ्याचीही वाट नको. उद्यापासून शाळा बंद."

सुशीला तूप वाढत होती. तिने भांडं खाली ठेवलं.

आणि मास्तर उठले! निम्म्या जेवणातून! आपल्यातली रीत तर ठाऊकच आहे, एक उठला की पंगत उठली. शेजारचे उठले, त्यांच्या शेजारचे उठले, शेवटी भाऊजी पोळीकडे बघत बघत उठले. "मास्तर, हे काय भलतंच?"

"क्षमा करा, राहवलं नाही," मास्तर उष्टा हात तसाच धरून म्हणाले. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. "सुशीलाबाई, बघितलंत? मी एक उठलो, सगळे उठले. आता सांगा, दिव्यांचं काय झालं?"

पोरगी दिव्यांच्या तारेकडे बघत म्हणाली, "तार पुरेना म्हणून मी सगळे एकाच ओळीत जोडले. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. एक गेला की पुढच्यांची वाटच बंद."

"म्हणजे अपशकुन नाही?" भाऊजी.

"नाही आजोबा. एक दिवा खराब झालाय."

"मग?" मास्तर.

"प्रत्येकाला वेगळी वाट द्यायची."

मास्तरांनी हात धुतले, खुंटीवरच्या कोटातून तारेचं भेंडोळं काढून तिला दिलं. बस, तेवढंच. मग हात पाठीमागे बांधून उभे राहिले. हात बांधलेले, पण पाय जागेवर कुठले ठरायला! दारातून बाबूभिया ओरडले, "बेटी, पहले बैटरी का तार निकाल!"

"निकाल दिया, भिया!"

सगळी माणसं उभी, पानांवर अन्न निवतंय, आणि माझी नात खाली बसून तारा जोडतेय. मी देवीला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तिने शेवटची तार लावली आणि चार दिवे असे लागले की भाऊजींनी डोळ्यांवर हात धरला. "वसंतराव, कुठलाही एक काढा," मास्तर म्हणाले. वसंताने काढला. बाकीचे तीन जागचे हलले नाहीत. त्याने तो परत लावला, दुसरा काढला, मग तिसरा. भाऊजी म्हणाले, "अरे, आता पानं मांडू दे की!"

उठलेल्या पंगतीला पुन्हा त्याच पानांवर बसवत नाहीत. नवी पानं मांडली. मास्तर बसले नाहीत. "तुमची जेवणं माझ्यापायी मोडली," म्हणून स्वतः वाढत फिरले, आणि शेवटी आम्हा बायकांबरोबर जेवले. सुशीला तूप घेऊन वसंतापुढे आली तेव्हा त्याने पानात बघत विचारलं, "दसऱ्यानंतर पुढचा धडा कसला आहे?"

"चुंबकाचा."

"मग शाळा बुडवू नकोस."

आज सुशीला कॉलेजात विज्ञानच शिकते आहे. आणि परवा वसंत आपणहून आपल्या धाकट्या मुलीला घेऊन मास्तरांकडे गेला. मीही होते. "हिचं विज्ञान कधी सुरू होईल?" मास्तर म्हणाले, "अजून पाच वर्षं आहेत." वसंत जरा अडखळला. "तोवर तुम्ही शिकवत असाल ना?"

"ते तुमच्या आईंना विचारा, माझ्यावर त्याच लिहिताहेत," मास्तर हसत म्हणाले, आणि उठून फेऱ्या मारायला लागले.

मला विचारलंत म्हणून सांगते, मास्तर. असाल. धाकटीला शिकवाल, तिच्या मुलींनाही शिकवाल. देवाने तुमचे गुडघे शाबूत ठेवावेत, बाकी काही मी त्याच्याकडे मागत नाही. पाय चालते राहिले की तुम्ही स्वस्थ बसणार नाही, हे आम्हाला माहीत आहे.