बापटच्या टेबलावरचे डबे

फुटका कान आणि आमच्या ओपीडीतले किस्से, दोन्ही वाहायचे थांबत नाहीत. मी आणि बापट एकाच बॅचचे, दोघेही कानाचे डॉक्टर. त्या काळी मध्य प्रदेशात, धारच्या सरकारी दवाखान्यात आमची टेबलं शेजारी शेजारी होती. कान बरा झाला की पेशंट घरचा डबा आणून द्यायचे. डबे बापटच्या टेबलावर यायचे, माझ्या टेबलावर औषध कंपन्यांची कॅलेंडरं.

*

कुक्षीहून एक बाई आली. मी तिच्या कानात टॉर्च मारून बघतोय, तर विचारते, "बापट साब आप ही हो कई?" नाही म्हटल्यावर तिनं कानावर पदर घेतला आणि सरळ त्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

*

पुढे माझी देवासला बदली झाली. सुटलो म्हणून मी पेढे वाटले. वर्षाच्या आत बापट तिथंही हजर, पुन्हा शेजारच्याच टेबलावर.

"सुधाकर, तुझ्याशिवाय करमेना रे!"

*

लोहारद्याच्या एका किराणावाल्याला मी कॅप्सूलचा पूर्ण कोर्स दिला. पू तसाच. सगळ्या घेतल्या का विचारलं, तर म्हणतो, "दो दन खई, आराम हुई ग्यो. बाकी जीजाजी सारू रखी दी."

उरलेल्या म्हणे मेव्हण्यासाठी ठेवल्या! अशानंच जंतू निर्ढावतात. पू इंदूरला तपासायला पाठवला, तर रिपोर्टात प्रत्येक औषधापुढे एकच शब्द, रेझिस्टंट. मी आणखी महागडं इंजेक्शन लिहिलं. तो गेला बापटकडे. बापटनं रोज कान पुसून कोरडा केला आणि पातळ व्हिनेगरचे थेंब घातले. बस्स. कान सुकला. तळलेल्या गराडू कंदाचा डबा कोणाला आला, ते सांगायला नको. माझा नुसता जळफळाट झाला.

*

माझ्या बायकोचा, सुमनचा, डावा कान लहानपणापासून वाहायचा. बाकी कान गेले बापटकडे तर जावोत, हा एक मलाच बरा करायचा होता. नवीन औषध आलं की आधी तिच्या कानात. जंतू सगळ्यांना पुरून उरले. "बापटभावजींना दाखवू या का?" तिनं एकदा विचारलं. मी त्या रात्री जेवलो नाही. विषय पुन्हा निघाला नाही.

आणि एका संक्रांतीला कान खडखडीत कोरडा! माझ्या नव्या ड्रॉप्सनी. मी क्लबात सगळ्यांना सांगितलं, बापटला दोनदा. "छान झालं," एवढंच म्हणाला. जळला असणार.

दुसऱ्या दिवशी त्यानं एक स्टीलचा डबा माझ्यापुढे सरकवला. "घे, पेशंटनं पाठवल्यात."

गुळाच्या पोळ्या होत्या. जायफळ जरा जास्त, आमच्या घरी असतं तसं. मी झाकण हातात घेतलं. त्यावर नाव कोरलेलं होतं: चि. सुधाकर व सौ. सुमन यांस, मामांकडून.

"आणखी एक घे की," बापट म्हणाला.