चौथ्या ठोक्याचं लंगडणं

"रुकिए अंकल. चौथे पे आप फिर लंगड़ा गए."

निशा मॅडमनी माझ्या हातातल्या दोन्ही स्टिक काढून घेतल्या. गोंदियात एका कापड दुकानाच्या माडीवर त्यांचा म्युझिक क्लास आहे. वय माझ्या मुलीएवढं. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवतात, ड्रमही वाजवतात, आणि शिकवताना कुणाच्या पांढऱ्या केसांची भीड ठेवत नाहीत. त्यांचे बाकीचे विद्यार्थी शाळेच्या गणवेशात येतात. मी मिलच्या गणवेशात जायचो, कोंड्यासकट.

मी राईस मिलमध्ये फोरमन आहे. धान आत पडल्यापासून तांदूळ पोत्यात जाईपर्यंत मधल्या सगळ्या मशिनी चालत्या ठेवणं हे माझं काम. खडखड, घरघर, ठोके यांतच आयुष्य गेलं. त्यामुळे ड्रम म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ, असा माझा समज होता. तो समज मनातच ठेवला असता तर बरं झालं असतं.

झालं असं, की गोंदियाजवळ दवनीवाड्याला आमच्या वस्तीत भीमजयंतीला गाण्यांचा कार्यक्रम असतो. माझी बायको शालू त्यात कितीतरी वर्षं कोरसमध्ये, मागच्या रांगेत उभी राहून गात आली. यंदा पहिल्यांदा तिला एकटीचं गाणं मिळालं. आणि नेमकं तेव्हाच ड्रम वाजवणाऱ्या पोरानं सुरतला नोकरी धरली. जयंती मंडळवाले म्हणाले, ड्रम नसेल तर एकटीचं गाणं उघडं पडतं, त्यापेक्षा तेही कोरसमध्येच घेऊ. शालू नुसती साडीचा पदर बोटाला गुंडाळत बसली. ते मला बघवलं नाही आणि मी बोलून गेलो, "मी वाजवतो."

घरी आल्यावर शालू म्हणाली, "तुमी? तुमाले ताट वाजवता येत नाही जी."

"मशिनी चालवतो ना मी. ठोका कळते मले."

"मंग मशीन चढवता का स्टेजवर?"

ड्रमसेटवर पहिल्यांदा बसलो तेव्हा कळलं, की हे वाद्य एक माणूस वाजवत नाही, त्याचे चार हातपाय वाजवतात, आणि त्यांचं एकमेकांशी पटावं लागतं. उजव्या पायानं मोठा ढोल. डाव्या पायाखाली दोन झांजा, त्यांना हाय-हॅट म्हणतात. उजवा हात त्यांच्यावर सारखा चालू. डाव्या हातानं समोरच्या छोट्या ड्रमवर, म्हणजे स्नेअरवर, दुसरा आणि चौथा ठोका. पहिला-तिसरा पायाचा. बस, एवढंच. माझा पाय उठला की डावा हातही उठायचा. हाताला दटावलं की पाय रुसून बसायचा. मिलमध्ये माझ्या हाताखाली बारा माणसं काम करतात, पण स्वतःचा डावा हात काही ऐकेना.

हळूहळू तो ऐकू लागला. मग हे लंगडणं सुरू झालं. एक, दोन, तीन बरोबर, आणि चौथा थोडा उशिरा. दर वेळी.

"घर पे मेट्रोनोम के साथ बजाते हो ना?" मॅडमनी विचारलं. मेट्रोनोम म्हणजे मोबाईलमधलं टिकटिक करणारं ॲप. त्याच्या टिकटिकीवर हात बसवायचा असतो.

"उससे भी बड़ी चीज के साथ," मी छाती फुगवून सांगितलं. "सेपरेटर के साथ."

सेपरेटर म्हणजे सोललेला तांदूळ आणि सोलायचं राहून गेलेलं धान वेगळं करणारी मशीन. आमची जुन्या पद्धतीची आहे. लाकडी पेटारा पुढंमागं हलतो आणि दर हेलकाव्याला 'ढक्क' असा आवाज करतो. जेवणाच्या सुटीतही ती चालूच असते. मी मशीनच्या जुन्या पट्ट्याच्या रबराचा तुकडा कापून लाकडावर ठोकला, तो मांडीवर घ्यायचो आणि तिच्यासमोर पोत्यावर बसून वाजवायचो. आवाज कुणाला जात नव्हता आणि ठोका फुकट मिळत होता. एवढी टनभर वजनाची मशीन समोर असताना मोबाईलच्या टिकटिकीला कोण विचारतो?

मॅडमचा विश्वास बसेना. म्हणून मी व्हिडिओच काढून आणला. मोबाईल खांबाला टेकवला आणि सेपरेटरसमोर वाजवतानाचा माझा रुबाब टिपून घेतला. त्यात माझा हात आणि मशीनचा ठोका तंतोतंत जुळत होता. मी विजयी मुद्रेनं मॅडमकडे पाहिलं.

त्यांनी आपल्या मोबाईलवर टिकटिक लावली आणि शेजारी माझा व्हिडिओ. तीन ठोके टिकटिकीबरोबर पडले. चौथा उशिरा. पुन्हा तीन, पुन्हा उशीर.

"अंकल, आप तो मशीन के साथ ही हो," मॅडम म्हणाल्या. "मशीन ही लंगड़ी है."

मी हसायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. व्हिडिओत माझ्या डोक्यापलीकडे सेपरेटर फिरवणारा लांब पट्टा दिसत होता. पट्टा ज्या चाकावर चालतो ती पुली एकदा फिरली की एक ठोका, आणि चार वेळा फिरली की पट्ट्याचा एक पूर्ण फेरा होतो. दर चौथ्या ठोक्याला पट्ट्याचा जोड पुलीवर येत होता, आणि तिथं पट्टा उचलला जात होता. उचलला की घसरत होता. म्हणून ठोका उशिरा पडत होता. जोड सुटत आला होता.

क्लास अर्धा टाकून मी मोटारसायकल काढली.

मिलच्या दारात ट्रक उभा होता. शेठ वजनकाट्यापाशी होते.

"शेठ, सेपरेटर बंद करना पड़ेगा. पट्टे का जोड़ जा रहा है."

"अभी? गाड़ी भरनी है, मेश्राम. शाम को देखेंगे. बोला किसने?"

"ड्रम की मैडम ने."

शेठनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं बैलानं नांगराऐवजी हार्मोनियम मागावी. मी आत गेलो आणि लाल बटण दाबलं. इतक्या वर्षांत शेठला न विचारता मी कधी मशीन बंद केली नव्हती.

पट्ट्याच्या पलीकडे कांताबाई खाली सांडलेला कोंडा झाडत बसल्या होत्या. रोज तिथंच बसतात. "काऊन बंद केली जी?" त्यांनी मान वर करून विचारलं.

मी हातानं पट्टा सरकवत जोड समोर आणला. लोखंडी हुकांनी दोन टोकं जोडलेली असतात. अर्ध्याहून जास्त हुक उपटून आले होते. उरलेल्यांवर रबर फाटत चाललं होतं. चालत्या मशीनवर तो तुटला असता, तर चाबकासारखा कांताबाईंच्या अंगावर गेला असता. मध्ये जाळी होती, पण तिनं काय थोपवलं असतं? भीती वाटलीच, आणि लाजही. त्या पट्ट्याशेजारून मी दिवसातून कितीदा जातो. पण बिघाड रोज थोडाथोडा वाढत गेला आणि कानाला त्याची सवय होत गेली. मी तर वर त्याच्यासमोर बसून त्याची तालीमही केली!

शेठ मागं येऊन उभे राहिले. जोड पाहिला. उपटलेल्या हुकांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "नया पट्टा मंगा ले. और वो क्लास छोड़ना मत."

नवा पट्टा चढला. सेपरेटर सरळ चालू लागली आणि पाठोपाठ माझा चौथा ठोकाही जागेवर आला. मॅडम खूश झाल्या. मी घरी येऊन शालूला म्हटलं, गा. ती गाऊ लागली आणि दुसऱ्याच ओळीला अडली.

"थांबा जी. वाजवून काय राहिले तुमी?"

"बरोबर वाजवून राहिलो. आतापर्यंत चुकत होतो."

"मंग मी श्वास कोठी घेऊ?"

इतके दिवस घरी माझ्याबरोबर सराव करताना ती माझ्या त्या लंगडण्यात श्वास घेत होती. ओळ संपताना चौथा ठोका उशिरा यायचा, तेवढ्यात तिचं काम व्हायचं. गाणं तिनं तसंच बसवलं होतं. जयंती तोंडावर आलेली. मॅडमला फोन केला, तर त्या म्हणाल्या, "ताल मत छोड़ना, दीदी संभाल लेंगी." दीदी माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

कार्यक्रमाला अख्खी वस्ती जमली होती. की-बोर्डवर मंडळानं निशा मॅडमनाच बोलावलं होतं. पहिलं कडवं मी टिकटिकीसारखं वाजवलं. दुसऱ्या कडव्यात शालूकडे पाहिलं. तिच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या, ओळ संपत आली होती आणि छातीत हवा नव्हती. मागच्या रांगेतून पुढं यायला तिला अर्धं आयुष्य लागलं होतं. मी डावा हात वर उचलला आणि थोडा तसाच धरून ठेवला.

शालूनं श्वास घेतला. पुढची ओळ अशी मोकळी निघाली, की समोरच्या बाया टाळ्या वाजवू लागल्या. मग मी शेवटपर्यंत ओळ संपली की चौथ्याला लंगडत राहिलो. की-बोर्डच्या मागून मॅडमनी डोळे वटारले. मी तिकडे पाहिलंच नाही.

घरी जाताना शालू म्हणाली, "सुरुवातीले जरा बिघडले होते तुमी. मंग सुधारले."

आता मी दर सोमवारी मशीन बंद करून पट्टा हातानं तपासतो, कानावर विसंबत नाही. शालूबरोबर वाजवताना चौथा ठोका अजूनही उशिराच टाकतो. माझ्या हिशेबी तोही मेंटेनन्सच आहे.